बळद

प्रकाशाच्या पुलाअलीकडे, चढावर,
केळीच्या घडांनी लादलेल्या गाडीसकट
कवड्या बसला.
पडला नाही. बसला,
पंगतीत बसावं तसा, पाय दुमडून.
झिपरूने उगारलेली पराणी परत खाली घेतली:
"पोट ते भरेल शे, मंग बसना कसाले?"

मी दवाखान्याची स्कूटी बाभळीला टेकवली.
खूर पाहिले, खांदा पाहिला,
पापणी उलटून पाहिली. ताप नव्हता.
डाव्या कुशीवर थाप मारली,
पोट खरंच भरलेलं. पखालीसारखं डुचमळलं.
शेण बोटांत चुरून पाहिलं:
पातळ, हिरवं, नुसतं धाग्यांचं.
"काय घालतोस?"
"केळीचे खांब. चैतपासून. फुकट भेटतात."

केळीचा खांब म्हणजे उभं केलेलं पाणी.
कोयत्याखाली करकर वाजतो, गार लागतो,
जनावर मन लावून खातं,
आणि पाटीभर खाऊन
मूठभर कमावतं.

कॉलेजात एक शब्द होता, ग्लायकोजेन.
पेपरात लिहिला, मार्क पडले.
चढावर, भर दुपारी, झिपरूसमोर
तो तोंडातून बाहेरच येईना.
कसं सांगू, की चारा बैल खात नाही,
बैलाच्या पोटातले जंतू खातात,
आंबवतात,
आणि त्या आंबटातून काळीज साखर घडवतं
(काळीज, हो, पण कवितेतलं नव्हे,
उजव्या फासळ्यांखालचं),
आणि त्यातली थोडी, रोजचा खर्च भागवून,
मांडीच्या, खांद्याच्या मांसात
कण कण जाऊन बसते, चढासाठी.
सपाटीला बैल रोजच्या कमाईवर चालतो.
चढाला शिल्लक लागते.

तेवढ्यात मागे निझरचा टेम्पो थांबला.
व्यापाऱ्याने काच खाली केली:
"बळद थाकी गयो, बेन?"

नदीच्या त्या अंगाला बैलाला बळद म्हणतात.
आमच्या दोंडाईच्याच्या घरात
बळद चुलीमागच्या भिंतीत होतं.
वरून दादर ओतायची, खालच्या भोकाला चिंध्यांचा बोळा.
बोळा काढला की ज्वारी आवाज करत सुपात यायची.
आई दर पंधरवड्याला बोटाच्या पेराने भिंत ठोकायची
आणि आवाजावरून सांगायची, अजून किती दिवस.
मला एकदम हसू आलं.
दोन्ही काठांचा एकच शब्द,
आणि मी तो पाच वर्षं पुस्तकात शोधत होते.

"झिपरूभाऊ, ह्याचं बळद रिकामं झालंय.
भिंत बाहेरून तशीच दिसते."
तो बैलाकडे बघत राहिला.
मग न सांगता एकेक घड उतरवू लागला.

कागदावर लिहून दिलं:
दादरचा कडबा, कुट्टी करून. मक्याचा भरडा,
पहिल्या दिवशी एक मूठ, दोन दिवसांनी दोन.
घाई नको. गेल्या पोळ्याला एकाने
शर्यतीसाठी घमेलंभर मका एकदम पुढे ठेवला,
पोटात सगळं इतकं आंबलं
की पहाटे बैल उठलाच नाही.
बळद वरून भरतात, पण बोळकं बोळकं.

सहाव्या आठवड्यात त्याच चढावर भेटले.
कवड्या गाडी ओढून वर आला,
धापला, थांबला, शेपटीने माशी उडवली.
झिपरूने मांडीला कान लावला.
बोटाच्या पेराने ठोकलं, दोनदा, आईसारखं.
"भरनं वाटस, मॅडम. तुमीबी आयका."

मांस वाजत नाही.
दादर भरलेली असो वा सरलेली, आवाज एकच, मऊ.
हे मला माहीत आहे, मी शिकले आहे.

मी कान लावला.
ऊन, घामाचा वास, कातडीखाली थरथर.
"हो," म्हटलं, "भरलंय."